गाण्यातला ‘मी’ कोणाशी बोलतो?

१९७८ साली मुझफ्फर अली यांचा ‘गमन’ हा चित्रपट आला. अवधमधल्या एका गावातला गुलाम हसन आई आणि बायकोला मागे ठेवून मुंबईत येतो, टॅक्सी चालवायला लागतो, आणि गावी परत जाण्यापुरते पैसे काही त्याच्या गाठीला लागत नाहीत. फारुख शेख स्टिअरिंगवर असतो, आणि मागे सुरेश वाडकरांचा आवाज येतो:

सीने में जलन, आँखों में तूफ़ान सा क्यूँ है
इस शहर में हर शख़्स परेशान सा क्यूँ है

शब्द शहरयार यांचे, चाल जयदेव यांची. मुंबईच्या धकाधकीचं गाणं म्हणून ते बहुतेकांच्या डोक्यात बसलंय. गर्दीच्या लोकलचा किंवा तुंबलेल्या रस्त्याचा व्हिडिओ कोणी टाकला की खाली हेच लावतात. त्यात चूक काही नाही. पण गाणं तेवढ्यावर थांबत नाही, आणि ते पुढे जिथे जातं ती जागा समजून घेण्यासारखी आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तिला ‘अस्तित्वगत परकेपण’ असं जडजंबाल नाव असतं.

आधी एक गाठ सोडवू. एकटेपण आणि परकेपण एकच नव्हे. एकट्या माणसाजवळ कोणी नसतं, कोणी आलं की एकटेपण संपतं. परक्या झालेल्या माणसाजवळ सगळं असू शकतं. नोकरी असते, भाड्याची का होईना खोली असते, शेजारीपाजारी असतात, सणाला फोन येतात. पण यातलं काहीच आपलं वाटत नाही. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आपण स्वतःच आपल्याला आपले वाटेनासे होणं. आरशात दिसतो तो माणूस ओळखीचा आहे, पण ओळख कुठली ते आठवत नाही, अशी काहीशी अवस्था.

परकेपणाचं नाव निघालं की दोन माणसांकडे जावंच लागतं. दोघांची उत्तरं वेगळी आहेत, आणि आपल्या गाण्यांमधून ती दोन्ही ऐकू येतात.

पहिला कार्ल मार्क्स. १८४४ साली पॅरिसमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने काही टिपणं लिहून ठेवली. ती छापली गेली थेट १९३२ मध्ये. त्यात तो सांगतो की मजुरी करणारा माणूस चार ठिकाणी तुटतो. तो बनवतो ती वस्तू त्याची राहत नाही. ती बनवण्याचं काम त्याचं राहत नाही, कारण कधी, किती आणि कसं करायचं हे दुसरा ठरवतो. मग सोबतची माणसं तुटतात, ती सोबती न राहता स्पर्धक होतात. आणि शेवटी माणूस म्हणून आपल्यात जे काही करण्याची, घडवण्याची ताकद असते तिच्यापासूनच तो तुटतो. परळच्या गिरणीत साच्यावर उभा राहणारा कामगार दिवसभर कापड विणायचा, आणि ते कापड बाजारात दिसलं तरी आपलं म्हणून ओळखायचं त्याला कारण नव्हतं. मार्क्सच्या मते हे दुखणं मनाचं नाही. ते व्यवस्थेतून येतं, आणि व्यवस्था बदलली तर जाईल.

हे मराठीत कोणी गायलं? अण्णा भाऊ साठे यांनी, आणि मार्क्सपेक्षा कितीतरी सोप्या शब्दांत. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. गिरणीत राबले, पुढे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथकात शाहिरी केली, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांची ही छक्कड, म्हणजे शाहिरी ढंगाचं गाणं, अजून कानाकोपऱ्यात गायली जाते:

माझी मैना गावाकडं राहिली
माझ्या जिवाची होतिया काहिली

पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा आणि मागे राहिलेली बायको. बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भरती होते. इथवर ती लावणीच्या वळणाची विरहाची रचना आहे. मग शाहीर तिला असा काही हिसका देतो की ऐकणारा चमकतो. मैनेशी ताटातूट झाली तशीच गत खंडित महाराष्ट्राची झाली आहे, असं तो म्हणतो, आणि बेळगाव, कारवार, निपाणीची नावं येतात. एका बाईची आठवण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जाऊन मिळते. मला हे मराठी गीतलेखनातलं सर्वांत धाडसी वळण वाटतं. आपल्या दुःखाचं कारण आपल्याबाहेर आहे आणि तेच कारण लाखोंचं आहे, हे कळलं की ‘मी’चा ‘आम्ही’ होतो. परकेपणावरचा हा अगदी मार्क्सच्या वळणाचा उतारा आहे, फक्त ढोलकीवर बसवलेला.

दुसरा माणूस फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र. १९४५ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, त्याने पॅरिसमध्ये एक गाजलेलं व्याख्यान दिलं. त्यात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण होतं. आपण अडकित्ता घेऊ. अडकित्ता घडवायच्या आधीच लोहाराला माहीत असतं की हा सुपारी कातरायला आहे. म्हणजे उपयोग आधी ठरतो आणि वस्तू नंतर येते. माणसाचं उलटं आहे, असं सार्त्र म्हणतो. माणूस आधी जन्माला येतो, आणि आपण कशासाठी आहोत हे त्याला नंतर, स्वतःच, आपल्या कृतींमधून ठरवावं लागतं. वरून कोणी लिहून दिलेलं नसतं. ऐकायला हे मोकळं वाटतं, पण त्याची किंमत जबर आहे. जात, गाव, घराणं, धंदा, देव यांनी दिलेली ओळख गळून पडली की उरतो तो मोकळा माणूस, आणि त्याच्या हातात ‘मी कोण?’ हा प्रश्न. हे परकेपण पगार वाढल्याने जात नाही.

आपल्याकडे साठच्या दशकात हे वारं जोरात होतं. मराठीत १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली. उर्दूत शम्सुर रहमान फारुकी यांनी १९६६ मध्ये अलाहाबादहून ‘शबखून’ मासिक सुरू केलं आणि ते आधुनिकतावादी कवी-लेखकांचं हक्काचं व्यासपीठ झालं. जुने पुरोगामी लेखक म्हणत, माणूस तुटला तो शोषणामुळे. नवे म्हणत, शोषण आहेच, पण माणूस आतूनही तुटलेला आहे, त्याचं काय? शहरयार म्हणजे अलीगढ विद्यापीठात उर्दू शिकवणारे अखलाक मोहम्मद खान. ते याच नव्या पिढीतले. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं.

आता ‘गमन’च्या गझलेकडे पुन्हा बघा. गोष्ट मार्क्सची आहे: जमीन, गरिबी, स्थलांतर, टॅक्सी. गाणं मात्र सार्त्रच्या बाजूला सरकत जातं. पहिला शेर शहराबद्दल आहे, ‘हर शख़्स’बद्दल आहे. पुढे प्रश्न हृदयाला लागतो: दिल आहे तर त्याने धडधडायला काही निमित्त शोधावं, ते दगडासारखं निर्जीव का पडलंय? आणि मग हा शेर येतो:

क्या कोई नई बात नज़र आती है हम में
आईना हमें देख के हैरान सा क्यूँ है

एरवी माणूस आरशात बघून दचकतो, पिकलेले केस बघतो, सुस्कारा सोडतो. इथे दचकलाय आरसा. माणसाला स्वतःत काहीच बदल दिसत नाही. आपण बदललोय ही बातमीसुद्धा त्याला काचेच्या चेहऱ्यावरून कळते. स्वतःपासून तुटणं म्हणजे काय, हे याहून कमी शब्दांत सांगता येईल असं मला वाटत नाही. वर प्रत्येक शेराच्या शेवटी ‘सा क्यूँ है’ परत येतं. गझलेचा हा रदीफ, म्हणजे ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द. साध्या गाण्यात धृपद परत आलं की कानाला घरी आल्यासारखं वाटतं. इथे परत येतो तो प्रश्न, आणि दर वेळी तितकाच अनुत्तरित. भरीला तो ‘सा’. परेशान आहे असंही ठाम नाही, परेशान‘सा’ आहे. स्वतःच्या दुखण्याचं नाव घेण्याइतकाही भरवसा उरलेला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पडद्यावरचा टॅक्सीवाला हे गाणं गात नाही. त्याचे ओठ मिटलेले असतात आणि गाणं पार्श्वभूमीवर चालू राहतं. एका शेरात ‘रफ़ीक़ो’ अशी हाक आहे, म्हणजे ‘सोबत्यांनो’. पण ‘तन्हाई की ये कौन सी मंज़िल है’ असं ज्यांना विचारायचं ते सोबती त्या शेरात कुठेच नाहीत, नजर पोचेल तिथवर नुसतं ओसाड माळरान आहे.

माझं म्हणणं इथेच आहे. गाण्यात परकेपण आहे का, आणि असेल तर कुठल्या जातीचं, हे शोधायला उदास सूर किंवा ‘तनहाई’सारखे शब्द मोजून काही हाती लागत नाही. गाण्यातला ‘मी’ कोणाशी बोलतोय ते बघावं. अण्णा भाऊंचा कामगार मैनेची आठवण काढतो आणि समोरच्या श्रोत्यांशी बोलतो, आणि ते श्रोते त्याच्यासारखेच असतात. त्याला समोर माणूस आहे. शहरयारांच्या ‘मी’समोर आरसा आहे. या दोन टोकांच्या मध्ये खूप गाणी बसतात.

‘गमन’च्या एकच वर्ष आधी, १९७७ मध्ये, भीमसेन यांचा ‘घरौंदा’ आला होता. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एका कचेरीत काम करतात, लग्नाआधी स्वतःची खोली घ्यायची म्हणून पै पै साठवतात, आणि बिल्डर बुडवतो. संगीत पुन्हा जयदेव यांचंच. मुंबईत घर न मिळण्यावर असं सलग दोन वर्षं काम केलेला संगीतकार दुसरा कोणी आठवत नाही. गुलजार यांनी त्यात एक कारागिरी केलीय. आधी जोडपं हसतखेळत गातं, ‘दो दीवाने शहर में’, आबोदाना शोधतात, आशियाना शोधतात, म्हणजे दाणापाणी आणि घरटं. नंतर सगळं विस्कटल्यावर जवळपास तेच शब्द परत येतात, पण आता ‘एक अकेला इस शहर में’. शहर तेच, रात्र-दुपार तीच, शोधही तोच, फक्त दोनाचा एक झाला. पहिल्या गाण्यात ‘मी’ला ‘तू’ होती म्हणून बेघर असणं ही गंमत होती. ‘तू’ गेली आणि तीच परिस्थिती जीवघेणी झाली. खोली तर आधीही नव्हतीच.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं शहराचं, यंत्रयुगाचं दुखणं आहे, आपल्या जुन्या गाण्यांत हे कुठून असणार? ते मला पटत नाही. ‘मी कोण’ हा प्रश्न मराठी गाण्यात सातशे वर्षं आहे, आणि त्याची सर्वांत टोकदार रूपं देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसांनी रचली आहेत. चोखोबा, चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा
काय भुललासी वरलिया रंगा

ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. पुढे हाच साचा ते स्वतःला लावतात: चोखा डोंगा, पण भाव डोंगा नाही. लोकांनी त्यांना एक ओळख चिकटवली होती. तिच्याखाली दुसरी, खरी ओळख आहे हे ते नाव घेऊन सांगतात. अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव गुंफतात त्याला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘म्हणे जनी’. एरवी ती रचनाकाराची सही. चोखोबांच्या तोंडी ती सहीपेक्षा जड होते. ज्याला नाव घेऊन देवळात बोलावलं जात नाही, तो स्वतःचं नाव अभंगात आत नेऊन ठेवतो.

त्यांच्या पत्नी सोयराबाईंचं उदाहरण तर आणखी गुंतागुंतीचं आहे. ‘अवघा रंग एक झाला’ हा त्यांचा अभंग किशोरी आमोणकरांच्या आवाजात असंख्य लोकांनी ऐकलाय. त्यात पुढे ओळ येते, ‘मी तूंपण गेलें वायां, पाहतां पंढरीच्या राया’. विठ्ठलाला पाहिलं आणि मी-तू हा भेदच उरला नाही. म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटला? सुटायला हवा होता. पण अभंग संपतो कसा? ‘म्हणे चोखियाची महारी’. सगळं मीपण विरघळल्यावरही सही करायची वेळ आली तेव्हा स्वतःचं नाव नाही. नवऱ्याचं नाव आहे आणि समाजाने दिलेली जात आहे. कोणी याला नम्रता म्हणेल, कोणी मुद्दाम पुढे केलेलं म्हणेल: बघा, जिला तुम्ही विटाळ म्हणता तीच हे बोलतेय. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असं विचारणाऱ्या बाईबद्दल मला दुसरा अर्थ जास्त खरा वाटतो. काही असो, आध्यात्मिक ओळख आणि सामाजिक ओळख एकमेकींना खोडत नाहीत, त्या एकाच अभंगात शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, हे सार्त्र जन्मायच्या पाचेकशे वर्षं आधी इथे गाऊन झालेलं आहे.

तुकोबांचा एक अभंग मात्र माझ्या कसोटीला अडचणीत आणतो. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ हा शाळेपासून पाठ असतो, पण पर्यावरणदिनाच्या फलकावर पहिलीच ओळ लिहितात आणि शेवटची राहते: ‘तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुला चि वाद आपणांसी’. इथेही समोर माणूस नाही. इथेही ‘मी’ स्वतःशीच बोलतोय. मग हेही परकेपण? अजिबात नाही. झाडं सोयरी आहेत, आकाश मांडव आहे, आणि ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ असं ते स्वतःच सांगतात. म्हणजे स्वतःशी बोलणं हे लक्षण पुरेसं नाही. स्वतःकडून उत्तर येतं का, हेही बघावं लागतं. तुकोबांच्या एकांतात संवाद आहे, वादही आहे. ‘गमन’मधल्या आरशाकडून काहीच येत नाही.

वेगळेपण मिरवणारी गाणी हा तिसराच प्रकार. सुरेश भटांचं ‘रंगुनी रंगात साऱ्या रंग माझा वेगळा’ घ्या. सगळ्यांत मिसळूनही मी निराळा, गुंत्यात गुंतूनही पाय मोकळा. वरवर तुटलेपण, आत ताठ कणा. स्वतःची ओळख हरवलेला माणूस स्वतःला ‘माणसांच्या मध्यरात्री हिंडणारा सूर्य’ म्हणणार नाही. याला परकेपण म्हणायची घाई करू नये.

ग्रेस यांच्याबाबतीत मात्र थांबावं लागतं. नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी स्वतःसाठी हे नाव निवडलं. जन्माने मिळालेली ओळख बाजूला ठेवून दुसरी घेणं, हे त्यांनी कवितेच्या आधी आयुष्यातच केलं. ‘भय इथले संपत नाही’ हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलं, लताबाईंनी गायलं, आणि ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेमुळे ते घराघरांत पोचलं. अर्थ विचारला तर निम्मे लोक गडबडतात आणि तरी ओळी चुकत नाहीत:

भय इथले संपत नाही, मज तुझी आठवण येते
मी संध्याकाळी गातो, तू मला शिकविली गीते

भय कशाचं ते सांगितलेलं नाही. ‘इथले’ एवढंच. ते आजाराचं नाही, शत्रूचं नाही, इथे असण्याचंच आहे. अस्तित्ववादी लेखक भीती आणि भय यांत जो फरक करतात तो हाच: भीतीला बोट दाखवता येतं, या भयाला दाखवता येत नाही. आणि समोर ‘तू’ आहे, पण आठवणीत. म्हणजे अण्णा भाऊंच्या श्रोत्यांइतका हजर नाही, शहरयारांच्या आरशाइतका मुका नाही. शिवाय ‘मी’ जे गातो ते त्या ‘तू’ने शिकवलेलं. माझा म्हणून जो आवाज आहे तोही मुळात दुसऱ्याचा. ओळखीचा शोध घेणाऱ्या माणसाला हे फार अस्वस्थ करणारं आहे आणि थोडं धीर देणारंही.

मुंबईतच, अलीकडे, गोष्ट पुन्हा फिरली. २०१५ मध्ये अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या दोघांनी ‘मेरे गली में’ हे रॅप गाणं केलं. रॅपमध्ये गाणारा आपलं नाव, आपला मोहल्ला, आपल्या टोळक्याची नावं गाण्यातच सांगतो. चित्रपटगीताने शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा गाळून टाकलेली नाममुद्रा इथे दणक्यात परत आली. ‘एक अकेला’ म्हणणाऱ्याला शहरात घर हवं होतं. ही मुलं शहरातच जन्मलेली, त्यांना पत्ता आहे, तो पत्ता ऐकून समोरचा नाक मुरडतो ही त्यांची तक्रार. म्हणून ते पत्ताच मोठ्याने सांगतात. बोलतात कोणाशी? गल्लीतल्यांशी आणि नाक मुरडणाऱ्यांशी, एकाच वेळी. सार्त्रपेक्षा हे चोखोबांच्या जवळचं आहे. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला तेव्हा हेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं आणि त्यात रणवीर सिंगचा आवाज मिसळला. त्यामुळे ‘मेरे’ म्हणजे नक्की कोणाच्या, हा प्रश्न आता त्या गाण्यालाच विचारता येतो.